आवाजाचा दिवा



मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला म्हसवडात सिद्धनाथाचा रथ निघतो. माणदेशातल्या वाड्यावस्त्या त्या दिवशी रिकाम्या होऊन माणगंगेच्या काठी लोटतात. गुलालाने आभाळ लाल होते, ढोल घुमतात, आणि 'सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं' ही आरोळी एका टोकाला उठली की दुसऱ्या टोकापर्यंत पसरत जाते. हजारोंचा आवाज हजारोंना ऐकू जातो, यात नवल नाही. नवल आहे ते एकाच माणसाचा आवाज हजारोंना ऐकू जाण्यात. या गोष्टीचा इतिहास जेमतेम शंभर वर्षांचा आहे, आणि आजचे व्याख्यान त्या इतिहासाबद्दल आहे.

विषय सुचला तो तरुण मंडळींच्या एका प्रश्नावरून. आपल्याकडची मुले आता गिटार वाजवतात. ब्लूज आणि रॉक या परदेशी संगीतप्रकारांची त्यांना गोडी लागली आहे. त्यांच्यात एक वाद नेहमी रंगतो : रंगमंचावर वाजवायचे तर व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक कोणता घ्यावा? वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठाला हा प्रश्न फारच किरकोळ आहे, असे काहींना वाटेल. पण वस्तू निवडायची असेल तर ती कशासाठी जन्माला आली हे आधी समजून घ्यावे लागते. बैल घेणारा शेतकरी दात मोजतो, तसेच त्याची जातकुळीही विचारतो. ध्वनिवर्धकाची जातकुळी काढू लागलो की आपण थेट आपल्याच जत्रेतल्या कर्ण्यापाशी येऊन पोचतो.

यंत्र येण्यापूर्वी आपले लोक काय करीत? ते गळा कमावीत. कीर्तनकार पट्टी चढी लावी, शब्द तोडून टाकी आणि टाळकऱ्यांकडून पालुपद उचलून घेई. तमाशात नाच्या किंवा शाहीर गाई, आणि त्याच्यामागे उभे राहून सुरते व झीलकरी शेवटचा स्वर लांबवीत. ही झील म्हणजे त्या काळचा ध्वनिवर्धकच होता. हलगी, ढोलकी, तुणतुणे व झांज ही वाद्येही उघड्यावर ऐकू जाणारी निवडलेली होती. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव १८६६ साली जन्मले आणि १९४५ साली वारले. त्यांच्या ऐन उमेदीच्या काळात फडावर माईक नव्हता. जे काही होते ते छातीत होते. त्या गायकीचा ताठा, तिची धार, तिचे लांबलचक सूर यांमागे सौंदर्यदृष्टी होती, तशीच शेवटच्या रांगेतल्या माणसाची काळजीही होती.

आता यंत्राकडे वळू. विजेच्या दिव्यात तारेव्यतिरिक्त एक धातूची पट्टी ठेवली तर पोकळीतून तिच्याकडे विद्युत्प्रवाह वाहतो, हे एडिसनच्या ध्यानात १८८३च्या सुमारास आले. त्याचा फारसा उपयोग मात्र त्याला करून घेता आला नाही. १९०४ साली फ्लेमिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने त्यातून एकाच दिशेला प्रवाह जाऊ देणारी नळी बनवली. नळाची झडप पाण्याला एकाच बाजूने वाट देते, तसे हिचे काम. म्हणून तिला 'व्हॉल्व्ह' म्हणू लागले. १९०६ साली ली डी फॉरेस्ट या अमेरिकनाने तापलेली तार आणि पट्टी यांच्यामध्ये तारेची एक बारीक जाळी बसवली. या जाळीवर अगदी क्षीण विद्युतसंकेत दिला की तारेकडून पट्टीकडे जाणारा मोठा प्रवाह त्याच्याबरहुकूम कमीजास्त होतो. पाटाचे दार एका हाताने वरखाली करावे आणि सारे पाणी त्या हाताच्या इशाऱ्याने वाहावे, तसे हे आहे. पाण्याचे बळ धरणाचे. हात फक्त सांगणारा. माणसाचा आवाज किंवा तारेचा झंकार हा तो हात, आणि वीज हे ते पाणी. ध्वनिवर्धनाचे सारे शास्त्र बीजरूपाने या जाळीत आहे.

याच सुमारास जेन्सन आणि प्रिडहॅम या दोघांनी कॅलिफोर्नियात कर्णा घडवला व १९१५ साली तो लोकांपुढे वाजवून दाखवला. १९१९ साली अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी सॅन डिएगो येथे सुमारे पन्नास हजारांच्या सभेपुढे ध्वनिवर्धकावरून भाषण केले. राजकारणाने व्हॉल्व्हचा हात धरला तो तेव्हापासून. आपल्याकडे ही विद्या घरोघर परिचयाची केली ती मोटवाने या सिंधी कुटुंबाच्या मुंबईतील 'शिकागो रेडिओ' या पेढीने. महात्मा गांधी, पंडित नेहरू यांची स्वातंत्र्यपूर्व काळातील छायाचित्रे पाहा. कित्येकांत तोंडापुढच्या माईकवर 'शिकागो' ही पाटी दिसेल. गांधीजींचा आवाज मोठा नव्हता. यंत्र नसते तर लाखांच्या सभेत त्यांचे दर्शन झाले असते, श्रवण झाले नसते.

खेड्यात हा कर्णा पोचला तेव्हा वीज पोचलेली नव्हती. मोटारीच्या बॅटरीवर ध्वनिवर्धक चालवीत. बॅटरीची वीज व्हॉल्व्हला लागणाऱ्या दाबापर्यंत चढवण्यासाठी 'व्हायब्रेटर' नावाचा एक थरथरता तुकडा असे आणि त्याची गुणगुण भाषणाबरोबर चाले. कर्ण्याचा गुण असा की थोड्या शक्तीत तो फार लांब ऐकू जातो. शंखाचा आणि तुतारीचा आकार उगीच तसा नाही. दोष असा की तो खर्ज गिळतो आणि आवाज नाकात आणतो. लग्नात, उरुसात, निवडणुकीत आपण ऐकत आलो तो हा नाकातला आवाज. पण त्या काळी कुणी तक्रार केली नाही. शब्द पोचत होते.

येथवर एकच वंश होता. येथून पुढे त्याच्या दोन शाखा झाल्या.

ज्या शिकागोचे नाव आपल्या पुढाऱ्यांच्या माईकवर होते, त्या खऱ्या शिकागो शहरात १९४३ साली मडी वॉटर्स नावाचा एक काळा शेतमजूर मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यांतून आला. त्याच्यासारखे असंख्य लोक दक्षिणेतली गरिबी आणि वर्णद्वेष मागे टाकून कारखान्यांच्या गावी येत होते. माणदेशाला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. दुष्काळाने उठवलेली आपली माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. खानापूर-आटपाडीकडचे लोक सोनेचांदी गाळण्याच्या गलाई धंद्यासाठी देशभर पसरले. माणूस गाव सोडतो तेव्हा भाकरीबरोबर गाणे बांधून नेतो. मडी वॉटर्सने नेले ते ब्लूज. मळ्यातल्या झोपडीपुढे साधी लाकडी गिटार पुरत होती. शिकागोच्या गुत्त्यांत ग्लासांचा खणखणाट आणि कामगारांचा गलका, त्यात तिचा आवाज बुडू लागला. म्हणून त्याने विजेची गिटार हाती घेतली. पोलादी तारांखाली लोहचुंबक व तारेचे वेटोळे बसवायचे, तार कंपली की वेटोळ्यात क्षीण प्रवाह उठतो, तो व्हॉल्व्हच्या जाळीला द्यायचा : अशी ही युक्ती १९३०च्या दशकाच्या आरंभी निघाली होती.

आपल्याकडे मिरवणुकीत वाजणारा बेंजो याच जातीचा आहे. १९१२ साली जपानात नागोया येथे मोरिता गोरो याने केलेल्या 'ताइशोगोतो' या कळांच्या तंतुवाद्यापासून आपला बुलबुलतरंग उर्फ बेंजो आला. आपल्या कारागिरांनी त्याच्या तारांनाही चुंबक जोडला आणि हातगाडीवरच्या कर्ण्यातून त्याला गल्लीभर फिरवला. शिकागोचा गिटारवाला आणि आपला बेंजोवाला यांची अडचण एक, तोडगाही एक.

पण गिटारच्या बाबतीत एक अनपेक्षित गोष्ट घडली. भाषणाच्या ध्वनिवर्धकाने आवाज होता तसाच मोठा करावा, ही आपली अपेक्षा असते. व्हॉल्व्हकडून त्याच्या ताकदीपेक्षा जास्त काम मागितले की तो लाटेचे शेंडे कापू लागतो. मात्र तो ते एकदम छाटत नाही, हळूहळू गोलावतो. त्यामुळे मूळ स्वरात त्याचे वरचे उपस्वर मिसळतात. आवाज दाट, खरखरीत आणि लांबणारा होतो. वक्त्याचा आवाज असा फाटला तर सभा उठून जाईल. गिटारचा आवाज असा फाटला तेव्हा लोक थांबून ऐकू लागले. रडताना गळा दाटतो, ओरडताना चिरतो, तसे ते वाद्य बोलू लागले. १९५१ साली 'रॉकेट ८८' ही ध्वनिमुद्रिका निघाली. वाटेत ध्वनिवर्धकाला मार बसून त्याचा कर्णपडदा फाटला होता. त्यात कागद कोंबून वादन केले आणि तो बिघडलेला आवाज तसाच छापला, अशी तिची हकिकत सांगतात. यंत्राचा दोष कलेचा गुण झाला. आपल्या तंबोऱ्याची जवारी आठवा. घोडीवर सुताचा धागा सरकवून आपण तारेला मुद्दाम 'अस्वच्छ' करतो आणि त्यातूनच सुराला तेज येते. तत्त्व तेच आहे.

ही वाद्ये घडवणारे लोक कोण होते, हेही पाहण्यासारखे आहे. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याचे दुकान १९३८ सालचे. तो सभासमारंभांना ध्वनिवर्धक भाड्यानेही देई. म्हणजे आपल्या तालुक्याच्या गावी मंडप आणि लाउडस्पीकर देणारा जो गृहस्थ असतो, त्याचाच हा अमेरिकन भाऊ. त्याने केलेला 'बेसमन' हा ध्वनिवर्धक मूळचा खर्जाच्या गिटारसाठी होता. पण १९५९च्या सुमाराचा, दहा इंची चार स्पीकरांचा बेसमन साध्या गिटारवाल्यांनीच डोक्यावर घेतला. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल याचे ढोलताशांचे दुकान होते. अमेरिकन माल महाग पडतो म्हणून त्याच्या माणसांनी १९६२ साली बेसमनचाच आराखडा समोर ठेवून, इंग्लंडात मिळणारे सुटे भाग घालून एक ध्वनिवर्धक जोडला. नक्कल करायला बसले, आणि भाग वेगळे पडल्याने सूरच वेगळा निघाला. १९६६ साली एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या ध्वनिमुद्रिकेत मार्शल वाजवला, आणि रॉकचा आवाज तेथून पुढे तसाच ओळखला जाऊ लागला.

मग सुरू झाली वॅटची शर्यत. १९६५ साली बीटल्स मंडळी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर पंचावन्न हजारांहून अधिक लोकांपुढे उभी राहिली. व्हॉक्स कंपनीने त्यांच्यासाठी शंभर वॅटचे ध्वनिवर्धक केले होते. तरी किंकाळ्यांत गाणे बुडाले. स्वतः वादकांनाही नीट ऐकू येत नव्हते. त्याच वर्षी 'द हू' या इंग्रज मंडळींच्या हट्टासाठी मार्शलनेही शंभर वॅट गाठले. रंगमंचावर पेटाऱ्यांच्या भिंती उभ्या राहू लागल्या.

आपल्या मुंबईत या लाटा पोचल्या होत्या. १९७० व १९७१ साली 'सिमला बीट' स्पर्धेतील तरुण वाद्यवृंदांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. आयात मालावर कडक निर्बंध होते; परदेशी ध्वनिवर्धक हाती लागणे दुर्मीळ. पुष्कळसे काम देशी पेट्यांवर आणि हिकमती कारागिरांवर चाले. १९७२ साली 'लेड झेपेलिन'चे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' क्लबात आले व तेथे असलेल्या सामग्रीवरच वाजवून-गाऊन गेले. पेट्या तेथल्याच होत्या, बोटे मात्र पेजची होती. पुढे १९८६ पासून 'इंडिपेन्डन्स रॉक', आणि २०११ पासून मेहबूब स्टुडिओतला ब्लूज महोत्सव, अशी ही परंपरा रुजत गेली.

आता मूळ प्रश्न. ध्वनिवर्धक निवडावा कसा? इतिहासाने जे शिकवले ते पाच मुद्द्यांत सांगतो.

पहिला मुद्दा वॅटचा. शंभर वॅट म्हणजे पन्नासच्या दुप्पट आवाज, ही समजूत चुकीची आहे. शक्ती दुप्पट केली की आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. कानाला तो जेमतेम वाढल्यासारखा वाटतो. कानाला दुप्पट वाटायला शक्ती दसपट लागते. व्हॉल्व्हचा खरा रस तो थोडा ताणल्यावर सुटतो. शंभर वॅटची पेटी शे-दोनशे माणसांच्या सभागृहात ताणता येत नाही. ताणली तर श्रोते पळतील. तेथे पंधरा ते बावीस वॅट पुरेत. ढोलांच्या साथीला स्वच्छ, न फाटलेला सूर हवा असेल तर तीस-चाळीस घ्यावेत. उघड्या मैदानावर पेटी मोठी करण्यापेक्षा लहान पेटीपुढे माईक ठेवून तिचा आवाज मुख्य ध्वनिव्यवस्थेत द्यावा, हेच शहाणपणाचे.

दुसरा मुद्दा स्पीकरचा. याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. एक वॅटला सत्त्याण्णव डेसिबल देणारा स्पीकर काढून शंभर देणारा बसवला, तर ते ध्वनिवर्धकाची शक्ती दुप्पट करण्यासारखेच आहे. जत्रेतला कर्णा हेच सांगत होता.

तिसरा मुद्दा सुराच्या जातीचा. ६एल६ आणि ६व्ही६ हे अमेरिकन व्हॉल्व्ह फेंडर घराण्याचे. ब्लूजला ते मानवतात, कारण हलका हात ठेवला तर सूर स्वच्छ राहतो आणि जोर दिला की काठावर चिरतो. ईएल ८४ हा व्हॉक्सच्या पेटीतला, चमकदार. ईएल ३४ हा मार्शलने पुढे स्वीकारलेला; रॉकचा मधला गुरगुराट त्याचा. यांत श्रेष्ठ-कनिष्ठ नाही. ग्वाल्हेर आणि किराणा यांत जेवढे आहे तेवढेच. ज्याला जे गायचे त्याने ते घराणे धरावे.

चौथा मुद्दा विजेचा, आणि हा जिवाशी गाठ असलेला आहे. अमेरिकेसाठी केलेली पेटी एकशेवीस व्होल्टची असते. आपली वीज दोनशेतीसची. योग्य ट्रान्सफॉर्मरशिवाय ती लावली की जळालीच. व्हॉल्व्हच्या पेटीत तीनशे-चारशे व्होल्टचा दाब असतो, आणि तो बटन बंद केल्यावरही काही काळ आत टिकतो. जाणकाराखेरीज कोणी ती उघडू नये. स्पीकर जोडल्याशिवाय ती चालू करू नये, नाहीतर आतला ट्रान्सफॉर्मर बळी जातो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अर्थिंग. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे लेस हार्वे हा गिटारवादक अर्थिंग नसलेल्या माईकला हात लागून रंगमंचावरच मरण पावला. आपल्या जत्रांत, वरातींत, जनरेटरवर आणि आकड्यावर किती ठिकाणी हा तिसरा तार जोडलेला असतो, हे ज्याने त्याने मनाशी विचारावे.

पाचवा मुद्दा पेलण्याचा. मोठी व्हॉल्व्हची पेटी तीस किलोच्या आसपास भरते. म्हसवडहून साताऱ्याला एस.टी.ने जाणाऱ्याने ती आधी उचलून पाहावी, मग विकत घ्यावी. व्हॉल्व्ह झिजतात, आता ते मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथे होतात, आपल्याला ते मागवावे लागतात. ते बदलून, बेतात बसवून देणारा माणूस जवळपास आहे का, हे किमतीच्या आधी विचारावे. नसेल तर ट्रान्झिस्टरची वा अंकीय पेटी घेण्यात कमीपणा नाही. आजच्या अशा पेट्या व्हॉल्व्हच्या सुराची नक्कल इतकी चांगली करतात की प्रेक्षागृहातल्या कानाला फरक सांगणे कठीण जाते. बोटाखालच्या तारेला मात्र तो जाणवतो, असे वादक म्हणतात. आणि वादकाच्या या म्हणण्याला मान दिला पाहिजे.

आता कोणी म्हणेल, की एवढे सगळे आवाज वाढवण्यासाठीच ना? आधीच काय कमी आवाज आहे? हा आक्षेप मी मान्य करतो, किंबहुना येथपर्यंत येण्यासाठीच हा विषय घेतला. पूर्वी आपली अडचण होती ती आवाज पोचत नाही ही. आज आपली अडचण आहे ती आवाज थांबत नाही ही. २००० साली केंद्र सरकारला ध्वनिप्रदूषणाचे नियम करावे लागले; रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद ठेवा, असे कायद्याने सांगावे लागले. मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या पेट्यांपुढे हलगी मुकी झाली आणि झीलकरी निरुपयोगी ठरला. ज्याचा गळा पोचावा म्हणून यंत्र आले, त्याचाच गळा यंत्राने दाबला.

यात दोष व्हॉल्व्हचा नाही. आवाज मोठा करणे आणि आवाज पोचवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा आपल्याला विसर पडला. शे स्टेडियमवर आवाज मोठा होता, पोचला नाही. शिकागोच्या गुत्त्यात लहानशा पेटीतून निघालेला आवाज पोचला आणि साऱ्या जगाने त्याचे अनुकरण केले. याच म्हसवडात २००८ पासून 'माणदेशी तरंग' हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. त्याला कर्णा नाही आणि भिंतीएवढ्या पेट्याही नाहीत. पण माणदेशातल्या बाईने तेथे बोललेला शब्द दुसऱ्या गावच्या बाईच्या चुलीपाशी ऐकू जातो. तो आवाज कुणाच्या कानठळ्या बसवीत नाही, आणि पोचतो.

म्हणून गिटार घेतलेल्या तरुणाला माझे सांगणे इतकेच. पेटी लहान घे, चांगली घे, अर्थिंग तपास. ती उघडून ठेवलीस तर काचेच्या नळीत तांबूस दिवा दिसेल. तो दिवा शंभर वर्षांपूर्वी एका जाळीने बोलका केला, आणि त्याने पुढाऱ्यांचे शब्द, मजुरांचे दुःख व आपल्या जत्रांचा उत्साह वाहून नेला. तो फक्त वाहून नेतो. काय न्यायचे ते तुझ्याजवळ असले पाहिजे. त्यासाठी एखाद्या संध्याकाळी पेटी बंद ठेवून, सिद्धनाथाच्या देवळापुढे गजी ढोल ऐकायला जा, आणि उघड्या माळावर यंत्राविना आवाज कसा पोचतो ते आधी शिकून घे.